दोन तासांचे उड्डाण, महिन्याची वाट

दक्षिण अटलांटिक महासागरात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मध्ये दोन लहान बेटे आहेत, सेंट हेलेना आणि असेन्शन. दोन्ही ब्रिटनच्या ताब्यात, दोन्ही ज्वालामुखीतून घडलेली, आणि दोन्हींवर एकेक विमानतळ. या दोन विमानतळांमधले अंतर संगणकाला विचारले, तर उत्तर क्षणात येते : सुमारे १,३०० किलोमीटर, उड्डाण दोन तासांचे. हे उत्तर पुरेसे आहे का, यावर पुढचा संवाद आहे. बोलणारी भाची एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवणे हे तिचे काम. मामा एसटीच्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. दोघांचेही आयुष्य अंतर आणि वेळ यांच्या हिशेबात गेले आहे, पण त्या हिशेबात काय धरायचे यावर दोघांचे जमत नाही.

भाची : मामा, आधी माझं उत्तर मांडते. तेराशे किलोमीटर हा अंदाज नाही, कागदावर काढता येणारा आकडा आहे. सेंट हेलेनाचा विमानतळ सोळा अंश दक्षिण अक्षांशाच्या जरा अलीकडे, असेन्शनचा आठ अंशांच्या जरा अलीकडे. फरक आठ अंशांचा. एका अंशात साठ मिनिटं, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. झाले ४८० मैल. रेखांशांतला फरक पावणेनऊ अंशांचा. पण विषुववृत्तापासून दूर जावं तशी रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात, म्हणून तो किंचित कमी धरायचा. तो येतो ५१३ मैल. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : साधारण ७०२ नॉटिकल मैल, म्हणजे १,३०० किलोमीटर.

मामा : हिशेब पटला. आता वेळ सांग.

भाची : या मार्गावर एम्ब्रेअर १९० जातीचं विमान जातं. उंची गाठल्यावर त्याचा वेग ताशी सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. नुसतं अंतर कापायला दीड तासाहून थोडं जास्त, आणि चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंतचं टॅक्सी करणं धरलं की दोन तास. दोन्ही बेटांची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर चालतात, त्यामुळे तिथे काही वजा-बेरीज नाही.

मामा : आणि सेंट हेलेनातल्या एखाद्या बाईला आज असेन्शनवर कामाला असलेल्या मुलाकडे जायची वेळ आली, तर ती कधी पोहोचेल?

भाची : ते फेरी कधी आहे त्यावर. ही विमानसेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, तीच महिन्यातून एकदा. जोहान्सबर्गहून शनिवारी सेंट हेलेनाला येणारं विमान त्या एका आठवड्यात पुढे असेन्शनला जातं, रात्री तिथे थांबतं आणि दुसऱ्या दिवशी माघारी फिरतं.

मामा : म्हणजे मुक्कामी गाडी. आमच्याकडेही होत्या. संध्याकाळी आगारातून सुटायची, शेवटच्या गावात रात्रीचा मुक्काम, आणि पहाटे गावातली माणसं घेऊन तालुक्याला. पण ती रोज जायची. इथे ती महिन्याला एकदा जाते. त्या बाईला मुलाजवळ एक तर एक रात्र राहता येईल, नाही तर एक महिना. आठ दिवस राहून परत येण्याची सोयच नाही. आणि जाण्याचं कारण महिन्याच्या कुठल्याही दिवशी उद्भवलं, तर सरासरी पंधरा दिवस थांबणं आलं. तीनशे साठ तास थांबायचं आणि दोन तास उडायचं. तू त्या ३६२ तासांतले दोनच मोजतेस आणि त्याला प्रवासाची वेळ म्हणतेस.

भाची : वाट पाहणं म्हणजे प्रवास नव्हे, मामा. ते पंधरा दिवस ती बाई विमानतळावर बसून काढत नाही. घरी असते, कामाला जाते, तिकिटाची तारीख पाहून तयारी करते. वेळापत्रक आधी जाहीर असलं की माणसं त्याप्रमाणे आयुष्य लावून घेतात. शिवाय पूर्वीशी तुलना करा. आर. एम. एस. सेंट हेलेना नावाचं जहाज १९९० पासून या बेटाची जीवनवाहिनी होतं. पंधरा नॉटच्या वेगाने हेच ७०२ मैल कापायला सत्तेचाळीस तास लागतात. केप टाउनहून सेंट हेलेनाला यायला पाचेक दिवस जायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते जहाज शेवटची फेरी करून थांबलं. दोन दिवसांचे दोन तास झाले, ही किरकोळ गोष्ट नाही.

मामा : किरकोळ मी म्हणतच नाही. पण वेळापत्रकाला आयुष्य जुळवून घेता येतं ते लग्नाच्या वेळी, बारशाच्या वेळी. मयत आणि आजारपण तारीख पाहून येत नाही. मी ज्या गावांना फेरी लावायचो, तिथे लोकांनी कधी मला विचारलं नाही की गाव किती किलोमीटरवर आहे. त्यांनी विचारलं, परतीची गाडी किती वाजता. दुर्गमपणा माणसाला तिथे कळतो. आणि असेन्शनची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. तिथे कायमचं राहण्याचा हक्कच कुणाला नाही. आठशेच्या आसपास माणसं, सगळी नोकरीच्या करारावर, नाही तर त्यांचे कुटुंबीय. त्यांतली बरीच सेंट हेलेनाची. म्हणजे एका बेटावर घर आणि दुसऱ्यावर पोट. अशा दोन ठिकाणांमधला प्रवास ही चैन नाही.

भाची : ते मान्य. पण तुमच्या बोलण्यात एक गृहीतक आहे, की फेरी महिन्याला एकच असणं हा केवळ कुणाचा तरी निर्णय आहे. तसं नाही. ती फेरी कमी आहे, त्यामागे किलोमीटरच आहेत. सेंट हेलेनापासून आफ्रिकेचा किनारा एकोणीसशे किलोमीटरहून अधिक दूर. सर्वात जवळची जमीन असेन्शन, तीही तेराशे किलोमीटरवर. आता मी डिस्पॅचरच्या खुर्चीत बसते. माझं विमान उतरण्याच्या क्षणी ढग खाली आले, तर ते कुठे पाठवू? मुंबईचं विमान पुण्याला, अहमदाबादला वळवता येतं. इथे पर्यायी विमानतळ म्हणजे पुन्हा महासागर ओलांडणं. म्हणून जोहान्सबर्गहून निघालेलं विमान नामिबियातल्या वॉल्विस बेला थांबून इंधन भरून घेतं. तिथून सेंट हेलेना सव्वादोन हजार किलोमीटर. बेटापर्यंत जाऊन, उतरता आलं नाही तर परत फिरण्याइतकं इंधन टाकीत असावं लागतं.

मामा : म्हणजे एका फेरीत जाण्या-येण्याचं इंधन आधीच पाठीवर.

भाची : हो, आणि ते वजन प्रवाशांच्या आसनांतून वजा होतं. या विमानात शंभराच्या आसपास माणसं बसू शकतात, पण सेवा सुरू झाली तेव्हा शहात्तरच्या आसपास नेता येत होती. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक नियम आहे. एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्यावर ठरावीक वेळेत कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. या मार्गासाठी ती मुभा दोन तासांची आहे. समुद्राच्या मधोमध असताना मागचा आणि पुढचा किनारा दोन्ही अकराशे किलोमीटरच्या पलीकडे असतात. तेव्हा ‘तेराशे’ आणि ‘सव्वादोन हजार’ हे आकडे मला पोकळ वाटत नाहीत. त्यांच्यावर प्रत्येक किलो इंधन ठरतं.

मामा : वाऱ्याचंही काही प्रकरण झालं होतं ना तिथे?

भाची : झालं. प्रॉस्परस बे प्लेन नावाच्या पठारावर, समुद्राकडे तुटणाऱ्या उंच कड्यांच्या वर ती धावपट्टी आहे. पुरेशी सपाट जागा नव्हती म्हणून एक अख्खी दरी भरून काढली. विमानतळ मे २०१६ मध्ये सुरू व्हायचा होता. त्याआधी एप्रिलमध्ये बोईंग ७३७ ने चाचणी घेतली, तेव्हा उत्तरेकडून उतरताना वाऱ्याचे झोत एकाएकी दिशा आणि वेग बदलताना आढळले. आम्ही त्याला विंड शीअर म्हणतो. दक्षिण-पूर्वेचे व्यापारी वारे त्या बेटावर बारमाही वाहतात, आणि कडे-टेकड्यांवर आपटून ते फुटतात. मोठं विमान नेणं धोक्याचं ठरलं. मग लहान एम्ब्रेअर निवडलं आणि १४ ऑक्टोबर २०१७ ला नियमित सेवा सुरू झाली. तेव्हा फेऱ्या का कमी, याचं उत्तर फक्त वेळापत्रक बनवणाऱ्याकडे मागू नका. समुद्राकडे आणि वाऱ्याकडेही मागा.

मामा : मागतो. पण मग समुद्र आणि वारा तेच असताना हे बेट एके काळी गजबजलेलं कसं होतं, ते तू सांग. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या मध्यात ते ताब्यात घेतलं, कारण हिंदुस्थानातून परतणाऱ्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घातल्यावर त्याच व्यापारी वाऱ्यांची पाठराखण मिळायची आणि वाटेत हे बेट लागायचं. पाणी, भाजीपाला, विश्रांती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वर्षाला हजाराच्या आसपास जहाजं तिथे नांगर टाकत होती. सुरतेचा, मुंबईचा माल त्या बंदरावरून पुढे गेला आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, आणि बेट ओस पडत गेलं. असेन्शनपासूनचं त्याचं अंतर तेव्हा एक मैलाने तरी वाढलं का? आफ्रिकेपासूनचं वाढलं का? बेट जागच्या जागी राहून दूर झालं. कारण फेऱ्या गेल्या.

भाची : फेऱ्या का गेल्या, हे मात्र तुम्ही वगळताय. मुंबई ते लंडन केपवरून दहा हजार सातशे नॉटिकल मैलांच्या आसपास, सुएझमधून सहा हजार दोनशेच्या आसपास. साडेचार हजार मैल वाचले. कप्तानांनी हाच आकडा पाहिला. कालवा हाही शेवटी भूमितीचाच विजय आहे.

मामा : आता तूच माझ्या बाजूने बोललीस. सेंट हेलेनाला दूर केलं ते मुंबई आणि लंडन यांच्यातल्या अंतराने, जे अंतर सेंट हेलेनाच्या नकाशावर कुठेच लिहिलेलं नाही. एखादं ठिकाण जगापासून किती लांब, हे त्या ठिकाणाच्या स्वतःच्या किलोमीटरवरून कळत नाही. इतरांची वाट कुठून जाते, त्यावर ते अवलंबून असतं.

भाची : हा मुद्दा मी नाकारत नाही. यात एवढीच भर घालते, की इतरांची वाट कुठून जाते हेही मोजता येतं.

मामा : आणखी एक माणूस सांगतो. या बेटावर राहणारा पहिला माणूस गोव्याहून आलेला होता. फर्नांव लोपिश, पोर्तुगीज सैनिक. गोव्यात तो आपली बाजू सोडून आदिलशाही फौजेला मिळाला. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने त्याला नाक, कान आणि हात तोडण्याची शिक्षा दिली. पुढे पोर्तुगालला परतताना तो वाटेत सेंट हेलेनावर उतरून लपला आणि मधला थोडा काळ सोडला, तर मरेपर्यंत, म्हणजे तीसेक वर्षं, तिथेच राहिला. जहाजं येत होती, त्याच्यासाठी अन्न ठेवून जात होती. त्याने चढायचं नाकारलं. याच अल्बुकर्कने १५०३ मध्ये दुसऱ्या बेटाला असेन्शन हे नाव दिलं. लोपिशचा एकांत त्याने स्वतः निवडला होता. आज असेन्शनवर काम करणाऱ्याने महिनाभराची ताटातूट निवडलेली नाही. माझं भांडण या न निवडलेल्या अंतराशी आहे.

भाची : मग धावपट्टीची बाजूही ऐका. सेंट हेलेनाच्या विमानतळावर ब्रिटनने २८५ दशलक्ष पौंड खर्च केले. बेटाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत. माणशी चौसष्ट हजार पौंडांच्या आसपास पडतात. एवढा पैसा कुणासाठी, असा प्रश्न तिकडे जोरात विचारला गेला. माझं उत्तर असं, की नियमित सेवा सुरू होण्याआधीच गंभीर रुग्णांना नेणारी विमानं त्या धावपट्टीवर उतरू लागली होती. पूर्वी रुग्णाला जहाजाची वाट पाहावी लागे. तुम्ही मघाशी आजारपणाचं म्हणालात. त्या प्रसंगी महिन्याची फेरी नाही, धावपट्टी वाचवते. तेव्हा विमानात किती तास लागतात, हाच आकडा जीवन-मरणाचा असतो.

मामा : हे तू बरोबर बोललीस, आणि मी ते मनापासून मान्य करतो. पण त्याच खर्चाने माझा मुद्दा बळकट होतो. एवढी मोठी रक्कम घालून रस्ता केल्यावर त्यावर गाडी किती वेळा धावते, हे पाहायला नको? आमच्या आगारात भारमान कमी म्हणून फेरी बंद करायचा आदेश यायचा. आसनं रिकामी जातात, डिझेल फुकट जातं, हे खरंच असायचं. पण ती फेरी बंद झाली की हायस्कूलला जाणाऱ्या मुली घरी बसायच्या. मग पुढच्या वर्षी भारमान आणखी कमी. फेरी कमी म्हणून माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणून फेरी कमी. हे चक्र कुणीतरी तोटा सोसूनच तोडावं लागतं.

भाची : महासागरावरचा तोटा फार मोठा असतो, मामा. अर्धं रिकामं विमान सव्वादोन हजार किलोमीटर नेणं आणि परत आणणं म्हणजे टनावारी इंधन जाळणं. त्याचाही विचार हवा. मधला मार्ग आहे : मागणी वाढते त्या हंगामात फेरी वाढवायची. सेंट हेलेनाला तसं करून पाहिलं आहे, गर्दीच्या महिन्यांत आठवड्याला दुसरी फेरी चालवली गेली. असेन्शनसाठीही सणासुदीला, शाळांच्या सुट्टीत हे करता येईल. बारा महिने रिकामी विमानं उडवण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

मामा : तेवढं झालं तरी पुष्कळ. पण रस्ता केला की त्याची डागडुजीही आली. असेन्शनच्या धावपट्टीची दशा ऐकली आहे मी.

भाची : ती वाईड-अवेक धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने बांधलेली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती जगातल्या सर्वात गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी एक झाली होती. ब्रिटनहून फॉकलंडला जाणारं हवाई दलाचं विमान तिथे थांबायचं आणि बेटावरच्या नागरिकांनाही त्यात जागा मिळायची. एप्रिल २०१७ मध्ये धावपट्टीच्या पृष्ठभागाची अवस्था इतकी खराब झाली, की मोठ्या विमानांना ती बंद करावी लागली. असेन्शन ते इंग्लंड सरळ गेलं तर पावणेसात हजार किलोमीटर. तो मार्ग बंद झाल्यावर नागरिकांची मुख्य वाट सेंट हेलेना आणि जोहान्सबर्गवरून लंडन, मिळून चौदा हजारांच्या आसपास. दुपटीहून जास्त.

मामा : खड्ड्यांनी सात हजार किलोमीटर वाढवले! दुरुस्तीला वर्षं लागली. मग अंतर निसर्गाने दिलेलं असतं, असं कसं म्हणायचं? त्यातला मोठा हिस्सा आपण राखतो, नाही तर गमावतो.

भाची : म्हणून मी म्हणते, सरळ रेषेचा आकडा आधी हवा. पावणेसात हजार हा आकडा माहीत नसता, तर चौदा हजार म्हणजे अन्याय आहे हे कळलं कसं असतं? किलोमीटर हा मापदंड आहे. प्रत्यक्ष वाट त्यापेक्षा किती लांबली, हे त्याच्याशी ताडूनच समजतं. आपल्याकडचं बघा. लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर, आताचं श्रीविजयपुरम. दोन्ही एकाच देशाचे द्वीपसमूह, दोन्हींवर विमानतळ, अक्षांशही जवळपास सारखे. सरळ अंतर सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास, जेटने तीन-सव्वातीन तास. पण असं विमानच नाही. अगत्तीची धावपट्टी बाराशे मीटरच्या घरातली, तिथे एटीआरसारखी लहान विमानं उतरतात. अगत्तीहून आधी कोचीला यायचं, मग चेन्नईसारख्या शहरातून अंदमानचं विमान धरायचं. जोडणी चुकली तर रात्र मधेच. तरीही संगणक तीन तासांचं उत्तर देतो, कारण तो अंतराला ताशी आठशेने भागतो आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतो.

मामा : आणि वाचणाऱ्याला वाटतं, तीन तासांचाच तर प्रश्न आहे. धोरण ठरवणाऱ्यालाही तसंच वाटतं. एकदा कागदावर ‘विमानतळ आहे, अंतर तीन तास’ असं लिहिलं, की ते गाव जोडलं गेलं असं धरून पुढच्या कामाला लागतात.

भाची : मग माझ्या आकड्याला तुमचा आकडा जोडून लिहू या. कुठल्याही दोन विमानतळांविषयी चार गोष्टी एकत्र सांगाव्यात : सरळ अंतर, उड्डाणाची वेळ, फेरी किती दिवसांनी, आणि परतीची फेरी कधी. सेंट हेलेना ते असेन्शन : १,३०० किलोमीटर, दोन तास, महिन्याला एक फेरी, परत दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या महिन्यात. एवढं एका ओळीत मावतं.

मामा : मी त्यात क्रम बदलीन. फेरी आणि परतीची गाडी आधी, किलोमीटर शेवटी.

भाची : मी किलोमीटर आधीच ठेवीन, मामा. त्याच्याशिवाय इंधन भरता येत नाही, आणि इंधनाशिवाय तुमची फेरी सुटत नाही.

मामा : ठेव. पण ज्या रकान्यात ‘महिन्याला एक’ लिहिलं आहे, तोच एक आकडा माणसाच्या हातात आहे. बेट उचलून जवळ आणता येत नाही, वाऱ्याला आवरता येत नाही. महिन्याची फेरी पंधरा दिवसांवर मात्र आणता येते, आणि त्या दिवशी त्या दोन बेटांमधली सरासरी वाट निम्म्यावर येते. एवढं अंतर कापायला नवं विमान लागत नाही, नवी धावपट्टी लागत नाही. दोन बेटांवर वाटली गेलेली घरं एकत्र ठेवणं हा सार्वजनिक खर्च आहे, असं कुणीतरी ठरवावं लागतं.